बडनेरा ते वर्गखोली : मोठ्या पडद्याच्या दूरचित्रवाणी संचाची सुरक्षित वाहतूक

ग्रामीण भागातील अनेक शाळांमध्ये फळ्याच्या शेजारी आता मोठ्या, सपाट पडद्याचा दूरचित्रवाणी संच दिसू लागला आहे. शासनाने २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा निर्णय घेतला. त्यानंतर राज्यातील कित्येक गावांनी लोकवर्गणीतून, ग्रामपंचायतीच्या निधीतून किंवा दानशूर व्यक्तींच्या साहाय्याने आपल्या शाळांसाठी असे संच घेतले. शाळा बंद असताना, जुलै २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही शालेय पाठांची मालिका सुरू झाली, तेव्हा दूरचित्रवाणी हे शिक्षणाचे साधन होऊ शकते याची पालकांनाही जाणीव झाली.

संच निवडताना आपण पुष्कळ चौकशी करतो. पडद्याचे आकारमान, किंमत आणि हमीची मुदत यांची तुलना होते, दरपत्रके मागविली जातात, ग्रामसभेत चर्चाही होते. परंतु तो संच दुकानातून किंवा रेल्वेस्थानकातून गावापर्यंत कसा येणार, या प्रश्नाकडे मात्र सहसा शेवटच्या दिवशी लक्ष जाते. मिळेल त्या वाहनात खोका टाकला जातो, आणि शाळेत पोचल्यावर पडद्यावर एका कोपऱ्यातून निघालेली कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ दिसते. पडदा फुटला की दुरुस्ती म्हणजे नवीन पडदा बसविणे होय, आणि त्याचा खर्च बहुधा नव्या संचाच्या किमतीच्या जवळपास जातो. उत्पादकाच्या हमीपत्रात आघाताने झालेली मोडतोड सामान्यतः वगळलेली असते. म्हणजे गावाने वर्षभर जमविलेली वर्गणी एका खड्ड्यात वाया जाते आणि मुलांचा पडदा काळाच राहतो.

हे नुकसान टाळणे अवघड नाही. त्यासाठी दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतात. पहिली अशी की, संच आरंभापासून शेवटपर्यंत उभाच राहिला पाहिजे. दुसरी अशी की, तो ज्याच्या ज्याच्या हाती जाईल त्याने पाहिल्याशिवाय सही करू नये. या दोन गोष्टींमागील कारणे समजून घेतली, तर बाकीची दक्षता आपोआप सुचत जाते.

गाठ, पेटी आणि पडदा

बडनेरा हे मुंबई–हावडा लोहमार्गावरील जंक्शन आहे. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बाजारपेठेशी जोडला गेला. तेव्हापासून या भागाला माल चढविण्या-उतरविण्याचा मोठा अनुभव आहे. दाबून बांधलेली कापसाची गाठ सुमारे १७० किलोची असते. ती लोटली, लोळविली, एकावर एक रचली तरी कापसाचे काही बिघडत नाही. वरूड-मोर्शीकडील संत्र्यांच्या पेटीचे तसे नाही. ती आपटली तर फळाला मार बसतो आणि एक-दोन दिवसांत तो डाग स्वरूपात दिसू लागतो. म्हणून संत्र्याची पेटी हाताळणारे हात आपोआप हलके होतात.

मोठ्या पडद्याचा संच या दोहोंपेक्षा वेगळा आहे. त्याचा खोका मोठा, परंतु वजनाने हलका असतो. त्यामुळे उचलणाऱ्याला तो नाजूक आहे असे वाटतच नाही. शिवाय आतील काच तडकली तरी खोका बाहेरून अगदी जसाच्या तसा दिसू शकतो. नुकसान झाले हे कळते ते संच चालू केल्यावर, आणि तोपर्यंत वाहन निघून गेलेले असते.

जुन्या पिढीच्या सवयीही येथे उपयोगी पडत नाहीत. आपल्या देशात १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने शैक्षणिक दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत त्यासाठी संच नेण्यात आले होते. ते संच चित्रनलिकेचे होते. चित्रनलिका जड असे, पण तिची पुढील काच जाडजूड असे. पुढे आलेल्या मोठ्या रंगीत संचांमध्ये ही काच एक सेंटिमीटरच्या आसपास जाड असे आणि २९ इंची संच ४० किलोंहूनही अधिक भरत असे. असा संच दोघांनी छातीशी धरून न्यावा, गाडीत गादीवर ठेवावा, एवढे पुरे होई. सपाट संचाचे वजन कमी झाले आणि त्याबरोबर त्याची सोसण्याची ताकदही कमी झाली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

नाजूकपणा नेमका कशात आहे?

सध्या बाजारात ‘एलईडी’ म्हणून विकले जाणारे बहुतेक संच मुळात द्रवस्फटिक पडद्याचे असतात. एलईडी हे त्या पडद्यामागील दिवे होत. द्रवस्फटिक या पदार्थाचा शोध १८८८ मध्ये ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिडरिख राइनिट्झर यांना लागला. हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, परंतु त्याच्या कणांची रचना स्फटिकासारखी शिस्तबद्ध असते. पडद्यात काचेचे दोन पातळ तक्ते असतात आणि त्यांच्यामध्ये या पदार्थाचा केसाहूनही कितीतरी पातळ थर असतो. प्रत्येक तक्त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे आपल्या नखाएवढी असते.

आता आकारमान पाहावे. ५५ इंच हे माप पडद्याच्या कर्णाचे असते. म्हणजे पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद व ६८ सेंटिमीटर उंच असतो. नखाएवढ्या जाडीची, चार फूट रुंदीची काच आणि तिच्या भोवती पातळ चौकट, असे त्याचे स्वरूप आहे. ही काच उभी असते तेव्हा तिचा भार खालच्या कडेवर व चौकटीवर समान वाटला जातो. ती आडवी केली की कडा आधारावर राहतात आणि मधला भाग निराधार होतो. वाहनाला धक्का बसला की तो मधला भाग खाली-वर लवतो. काच वाकणे फारसे सहन करू शकत नाही. कडेला एखादा सूक्ष्म चरा असेल तर तेथूनच तडा सुरू होतो. संच उभा न्यावा असे सांगितले जाते, त्याचे कारण हे आहे.

कोपऱ्यावर उचलण्याचे संकटही याच जातीचे आहे. दोघांपैकी एकाने आपली बाजू आधी उचलली, किंवा एकट्यानेच एका कोपऱ्याला धरून संच ओढला, तर चौकट पिळली जाते. धातूची अथवा प्लॅस्टिकची चौकट पिळ सोसून पुन्हा सरळ होते, काच मात्र सोसत नाही. तिसरे संकट टोकदार दाबाचे. अंगठ्याचा जोर, पट्ट्याची कडी, शेजारच्या खुर्चीचा पाय अशा एखाद्या बिंदूवर पडलेला दाब पडद्याला पुरेसा घातक असतो. ‘ओएलईडी’ प्रकारचे पडदे तर याहूनही पातळ असतात. त्यांना हेच नियम अधिक काटेकोरपणे लागू पडतात.

काही शाळांमध्ये आता स्पर्शाने चालणारे मोठे फलक येत आहेत. त्यांच्यावर जाड, कडक केलेली काच असते. त्यामुळे बोटांचा दाब ते सोसतात, पण कडेला बसलेला आघात त्यांनाही सोसत नाही. शिवाय ७५ इंची फलकाचे वजन ५० किलोंच्या घरात जाऊ शकते. तो उचलण्यास चार माणसे हवीत आणि ती आधीच ठरवून ठेवलेली हवीत.

बांधणी

संच ज्या खोक्यात कारखान्यातून आला तो खोका व त्यातील थर्माकोलचे साचे हीच सर्वांत उत्तम बांधणी होय. ते साचे संचाला फक्त कडांवर धरतात आणि पडद्यापुढे मोकळी जागा ठेवतात. म्हणून संच भिंतीवर बसविल्यानंतर खोका रद्दीत देऊ नये. साचे, प्लॅस्टिकची पिशवी व स्क्रू यांसह तो शाळेच्या कोरड्या खोलीत, वाळवी लागणार नाही अशा उंचीवर, हमीची मुदत संपेपर्यंत तरी जपून ठेवावा. संच दुरुस्तीला न्यायचा झाला किंवा खोली बदलावी लागली तर त्याची किंमत कळून येते.

मूळ खोका नसेल तर पुढील क्रम ठेवावा. संच बंद करून त्याच्या सर्व वायरी काढाव्यात व कोणती कोठे होती याचे मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. खालचे पाय किंवा भिंतीचा कंस काढून त्याचे स्क्रू एका पुडीत बांधावेत. ती पुडी संचाच्या पाठीला न चिकटविता वेगळ्या पिशवीत ठेवावी. पडद्यावर प्रथम स्वच्छ, मऊ सुती कापड किंवा पातळ फोमचा तक्ता घालावा. चिकटपट्टी पडद्यावर कधीही लावू नये. हवेच्या फुग्यांचे प्लॅस्टिक वापरायचे असेल तर ते कापडावरून गुंडाळावे. थेट पडद्यावर त्याच्या फुग्यांचा दाब येता कामा नये.

त्यानंतर पडद्याच्या बाजूने चौकटीएवढा प्लायवूडचा अथवा जाड पुठ्ठ्याचा तक्ता लावावा. हा तक्ता चौकटीच्या कडांवर टेकला पाहिजे, पडद्याला चिकटता कामा नये. चारही कोपऱ्यांना थर्माकोलचे किंवा घडी केलेल्या जाड कापडाचे तुकडे द्यावेत. सुतळी अगर पट्टा चौकटीच्या कडांवरून जाईल असा बांधावा. मध्यावरून आवळून बांधलेली सुतळी हे पडदा फुटण्याचे हमखास कारण ठरू शकते. शेवटी चारही बाजूंना ठळक अक्षरांत ‘काच – उभे ठेवा’ असे लिहून वरची दिशा बाणाने दाखवावी आणि पडद्याची बाजू कोणती तेही लिहावे. हमालाला व चालकाला वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे मराठीत व हिंदीत लिहिणे उचित होय.

वाहन, रस्ता आणि हवामान

एका माणसाने ३२ इंचांपेक्षा मोठा संच उचलू नये. दोघांनी समोरासमोर उभे राहून, एक हात खालच्या कडेला व एक हात बाजूला देऊन, एकाच वेळी उचलावे. पडदा कोणाच्याही गुडघ्याला, कमरपट्ट्याला किंवा खिशातील किल्ल्यांना लागणार नाही हे पाहावे. दारातून नेताना पुढील माणसाने मागे पाहत चालण्याऐवजी तिसऱ्याने वाट दाखवावी.

वाहनाची निवड महत्त्वाची आहे. दुचाकीवर मागे बसलेल्याने संच धरून नेणे किंवा एस.टी.च्या टपावर तो बांधणे हे दोन्ही प्रकार टाळलेच पाहिजेत. मोठा पडदा वाऱ्यात शिडासारखा वागतो. मोटारीच्या मागील आसनावर तो आडवा ठेवूनच मावत असेल तर मोटार लहान आहे असे समजावे. ‘छोटा हत्ती’ या नावाने परिचित असलेले चारचाकी मालवाहू वाहन या कामास पुरेसे असते. त्यात संच मागच्या फळीजवळ ठेवू नये, कारण मागच्या चाकापलीकडील भाग सर्वांत अधिक उसळतो. चालकाच्या खोलीच्या भिंतीशी, तळाला जाड गादी घालून, खोका उभा ठेवावा. पडद्याची बाजू भिंतीकडे करून मध्ये दुसरी गादी किंवा रजई द्यावी. अचानक ब्रेक लागला तर सर्व भार त्या सपाट, मऊ आधारावर समान पडतो. खोक्यामागे बाके, लोखंडी कपाट, खताची पोती असे काहीही सुटे ठेवू नये. खोका सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी आधार द्यावा आणि एका जाणत्या माणसाने बरोबर असावे.

बडनेरा-अकोला मार्गावरून जाणाऱ्यांना रस्त्याचा भेद चांगला परिचित आहे. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर लोणी ते माना या टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचे डांबरी काँक्रीट १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरण्यात आले आणि या कामाची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. अशा रस्त्यावर संचाला फारसे भय नाही. खरे भय महामार्ग सोडल्यानंतरच्या चार-पाच किलोमीटरांत असते. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला लहान रस्ता त्यामुळे जागोजागी खचतो. पाणंद रस्त्यांची स्थिती तर सांगावयास नको. म्हणून चालकाला वेळेची घाई नसावी, भाडे ठरवितानाच ‘गावाजवळ सावकाश’ हे सांगून ठेवावे, आणि रस्ता फारच वाईट असेल तर तेवढे अंतर दोन माणसांनी संच हातात उभा धरून बसावे.

हवामानाचाही विचार करणे इष्ट आहे. मे महिन्यात अमरावती व अकोला जिल्ह्यांत तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. उन्हात उभ्या राहिलेल्या बंद वाहनात ते याहून पुष्कळ वाढते. अति उष्णतेने द्रवस्फटिकाची रचना विस्कळीत होऊन पडद्यावर काळे डाग उमटू शकतात. ते थंड झाल्यावर पुष्कळदा नाहीसे होतात, परंतु पडद्यावरील पातळ थर व त्यांचा चिकटपदार्थ मात्र कायमचे बिघडू शकतात. यास्तव उन्हाळ्यात वाहतूक सकाळी लवकर करावी आणि संच वाहनात ठेवून भोजनास जाऊ नये. पावसाळ्यात खोक्यावर ताडपत्री हवीच. भिजलेला पुठ्ठा साच्याला धरून ठेवत नाही, म्हणून खोका ओला झाला तर तो कोरडा होईपर्यंत पुन्हा उचलू नये.

मेळघाटातील शाळांसाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. सपाटीवरून परतवाड्यामार्गे सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याकडे जाताना, विशेषतः पावसाळ्यात व हिवाळ्यात, हवेतील फरक लक्षणीय असतो. थंड संच उबदार, दमट खोलीत आणताच त्याच्या आतील भागांवर दव धरते. अशा वेळी लगेच वीज जोडली तर आतील पाटी जळण्याचा संभव असतो. संच खोलीत आणल्यावर काही तास तसाच ठेवावा, शक्य तर रात्रभर ठेवावा, आणि मगच चालू करावा.

रेल्वेने येणारा संच

मुंबई, पुणे वा नागपूर येथे नोकरीस असलेले गावचे सुपुत्र शाळेला संच भेट देतात आणि तो रेल्वेने आणावा असा विचार पुढे येतो. येथे एक नियम माहीत असणे जरूर आहे. प्रवासी डब्यात स्वतःबरोबर नेता येणाऱ्या पेटीची कमाल मर्यादा १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे. यांपैकी एकही माप ओलांडले की तो नग सामान-डब्यातून न्यावा लागतो. ४३ इंची संचाचा पडदाच सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असल्याने त्याचा खोका बहुधा १०० सेंटिमीटरच्या पुढे जातो. म्हणजे मोठा संच हा पार्सलचाच विषय ठरतो, आणि सामान-डब्यात त्याच्या शेजारी कोणता माल येईल हे आपल्या हाती नसते. अशा वेळी लाकडी पट्ट्यांची पेटी करून घेणे हाच खरा उपाय होय.

नोंदणी करताना मालाची किंमत जाहीर करण्याचा रकाना रिकामा सोडू नये. रेल्वे अधिनियम, १९८९ व त्याखालील १९९० च्या नियमांनुसार, किंमत जाहीर न केलेल्या सर्वसाधारण पार्सलसाठी रेल्वेची जबाबदारी किलोमागे ५० रुपयांपर्यंत मर्यादित राहते. १५ किलोच्या संचाला हा हिशेब लावला तर भरपाईची मर्यादा ७५० रुपये होते. किंमत जाहीर करून त्यावरील जादा आकार भरला, तर ही मर्यादा जाहीर किमतीपर्यंत वाढते.

बडनेऱ्यासारख्या स्थानकावर माल उतरला आणि खोका चेपलेला, फाटलेला किंवा ओला दिसला, तर तो तसाच उचलून आणू नये. अधिनियमाच्या कलम ८१ अन्वये, नुकसानीची चिन्हे दिसत असल्यास माल उघडून, तपासून ताबा मागण्याचा माल घेणाऱ्यास अधिकार आहे. तशी लेखी मागणी करावी. भरपाईचा दावा करावयाचा झाल्यास, माल रेल्वेच्या स्वाधीन केल्यापासून सहा महिन्यांच्या आत कलम १०६ अन्वये लेखी सूचना दिली पाहिजे.

वाटेतील जोखीम कोणाची?

दुकानदाराने संच पाठविला आणि तो वाटेत फुटला, तर नुकसान कोणाचे? पुष्कळांची समजूत अशी की, माल हाती येईपर्यंत जबाबदारी विक्रेत्याचीच असते. कायदा सरसकट तसे म्हणत नाही. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ३९ नुसार, विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या हवाली केला की, विरुद्ध काही ठरलेले नसल्यास, तो खरेदीदारालाच दिला असे प्रथमदर्शनी मानले जाते. म्हणजे पुरवठा आदेशात काही लिहिले नसेल तर वाटेतील जोखीम शाळेवर किंवा ग्रामपंचायतीवर येऊ शकते.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे. पुरवठा आदेशात ‘संस्थेच्या ठिकाणी सुस्थितीत पोच, बसवणी व चाचणी यांसह दर; चाचणी समाधानकारक होईपर्यंत जोखीम पुरवठादाराची’ असे स्पष्ट नमूद करावे. या एका ओळीसाठी दर थोडा अधिक द्यावा लागला तरी तो फुटलेल्या पडद्यापेक्षा स्वस्तच पडतो. शासकीय ई-बाजारपेठेवरून (जेम) खरेदी केल्यास माल मिळाल्याची तात्पुरती पावती व तपासणीनंतरची स्वीकृती या दोन वेगळ्या पायऱ्या असतात. त्या वेगळ्या ठेवण्यामागे हाच हेतू आहे. दोन्ही कागद एकाच दिवशी, खोका न उघडता पूर्ण करण्याची घाई करू नये.

संस्था स्वतः वाहतूकदार नेमत असेल तर रस्त्याने मालवाहतूक अधिनियम, २००७ लागू होतो. १८६५ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा हा अधिनियम १ मार्च २०११ पासून अमलात आला. त्याखालील नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी सामान्यतः भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते. भाडे ५०० रुपये असेल तर भरपाईची मर्यादा ५,००० रुपये झाली, मग संच ५० हजारांचा का असेना. माल पाठवितानाच त्याची किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरला तर संरक्षण वाढते. बिल्टीवर ‘काच, दूरचित्रवाणी संच, उभा न्यावा’ असे लिहून घ्यावे आणि नुकसान झाल्यास माल नोंदविल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी सूचना द्यावी. संच अनेक असतील, उदाहरणार्थ केंद्रातील सर्व शाळांसाठी एकत्र खरेदी झाली असेल, तर वाहतूक विमा उतरविणे श्रेयस्कर होय. गावातील भाड्याच्या टेम्पोला बिल्टी नसते. तेथे चालकाचे नाव, वाहनाचा क्रमांक, खोक्याची स्थिती व वेळ लिहिलेला साधा कागद दोघांच्या सहीने करून ठेवला तरी पुढील वाद टळतो.

सही करण्यापूर्वी

‘माल सुस्थितीत मिळाला’ या तीन शब्दांखाली केलेली सही ही सर्वांत महाग सही ठरू शकते. ती करण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा.

१. खोका बाहेरून सहा बाजूंनी पाहावा. कोपरा चेपला असेल, भोक असेल, ओल असेल तर छायाचित्र घ्यावे व पावतीवर तसा शेरा लिहावा.

२. खोका उभाच ठेवून, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य अशा किमान दोघांसमक्ष उघडावा. उघडण्याचे सलग चित्रीकरण मोबाईलवर करावे. त्यात खोक्यावरील क्रमांक दिसावा.

३. पडदा बंद असतानाच विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून चारही कडा पाहाव्यात. चरा, तडा येथेच आढळतो.

४. संच चालू करून सर्वत्र पांढरा, मग काळा, मग लाल, हिरवा व निळा रंग पाहावा. उभ्या-आडव्या रेघा, शाईसारखा पसरलेला डाग किंवा काळा कोपरा दिसला तर आतील काच तडकली आहे असे समजावे.

५. वीज नसेल किंवा चालक थांबण्यास तयार नसेल तर पावतीवर ‘खोका बंद स्थितीत मिळाला, आतील संच तपासलेला नाही’ असे लिहून मगच सही करावी आणि त्याच दिवशी पुरवठादाराला लेखी कळवावे.

हे सर्व पूर्ण झाल्यावर संचाची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत अनुक्रमांकासह घ्यावी. तपासणीपूर्वी घेतलेली नोंद ही फुटलेल्या वस्तूला सुस्थितीचा दाखला देण्यासारखी होय.

शाळेतल्या शाळेत

संच एकदा भिंतीवर बसला म्हणजे प्रवास संपला असे नाही. निवडणुकीत शाळेच्या खोल्या मतदान केंद्रासाठी घेतल्या जातात, तेव्हा संच दुसऱ्या खोलीत हलवावा लागतो. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीत चोरीच्या भयाने तो गावातील एखाद्या सुरक्षित घरी नेऊन ठेवला जातो. ही हलवाहलव थोड्या अंतराची असते, म्हणूनच ती निष्काळजीपणे होते. विद्यार्थ्यांकडून संच उचलून घेऊ नये. हलविताना दोन प्रौढ माणसे, मऊ कापड व पुठ्ठ्याचा तक्ता एवढी सामग्री पुरते. सुटीत संच भिंतीला तिरपा टेकवून किंवा पलंगाखाली आडवा ठेवू नये. मूळ खोक्यात उभा, उंदरांपासून दूर आणि घराच्या कोरड्या बाजूस ठेवावा. कोणाच्या घरी, कोणत्या तारखेस, कोणत्या स्थितीत ठेवला याची नोंद मुख्याध्यापकांनी करावी. परत आणल्यावर पुन्हा चालू करून पाहावा.

एवढे करूनही एखादा संच फुटलाच, तर तो शाळेच्या मागे टाकून देऊ नये किंवा भंगारवाल्यास फोडण्यास देऊ नये. जुन्या सपाट संचांत पडद्यामागे प्रकाशासाठी पाऱ्याचा अंश असलेल्या बारीक नळ्या असत. नव्या संचांतही शिसे व इतर धातू असू शकतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे अशी वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे गेली पाहिजे. निर्लेखनाची रीतसर कार्यवाही करून ती सोपवावी.

दूरचित्रवाणी संच ही गावाच्या दृष्टीने केवळ एक वस्तू नाही. तो घेताना कोणी शंभर रुपये दिलेले असतात, कोणी एक दिवसाची मजुरी दिलेली असते. कारखान्यापासून बडनेऱ्यापर्यंतचा शेकडो किलोमीटरांचा प्रवास त्याने बहुधा सुखरूप केलेला असतो, कारण तेथवर तो आपल्या मूळ खोक्यात उभा असतो. पुढचे थोडे अंतर आपल्या हाती असते. ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक व सदस्य यांनी वाहन ठरविण्यापूर्वी अर्धा तास एकत्र बसून कोण उचलणार, कोण बरोबर जाणार आणि पावतीवर कोण व केव्हा सही करणार एवढे ठरवून घेतले, तर तो पडदा वर्गखोलीत उजळल्याशिवाय राहणार नाही.